थंड वायूत कोहिअरन्स पसरतो कसा? समतोलापासून दूरच्या क्वांटम वायूंबद्दल

उत्तररात्र (धागाकर्ता)

बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट म्हटलं की आपल्याला बहुधा एवढंच शिकवलेलं असतं: वायू एका ठरावीक तापमानाखाली नेला की अणूंचा मोठा हिस्सा सर्वांत कमी ऊर्जेच्या एकाच क्वांटम स्थितीत जमा होतो. हे समतोलातलं चित्र आहे आणि ते बरोबरच आहे. पण वायू त्या स्थितीला पोचतो कसा आणि त्याला किती वेळ लागतो, हा प्रश्न निराळा आहे. गेली काही वर्षं मी याच प्रश्नामागे आहे. २०२५ मध्ये केंब्रिजहून त्याचं एक फार देखणं उत्तर आलं, म्हणून हा धागा.

समजा, ५० मायक्रोमीटर लांबीच्या डब्यात लाखभर अणू आहेत आणि त्यांच्यातली ऊर्जा झटक्यात काढून घेतली. कोहिअरन्स म्हणजे डाव्या टोकाला अणूंच्या क्वांटम लहरीची फेज (लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते) काय आहे हे कळलं की उजव्या टोकाची सांगता येणं. पेनरोज आणि ऑन्सागर यांनी १९५६ मध्ये कंडेन्सेटची जी व्याख्या केली, तिच्या मुळाशी हेच आहे: कितीही दूरच्या दोन बिंदूंमध्ये टिकून राहणारा संबंध. आता अडचण बघा. फेज किती असावी हे कुठलाच नियम ठरवत नाही. शून्य ते ३६० अंशांतली कुठलीही चालते. डाव्या टोकाने एक निवडली आणि उजव्याने दुसरी, तर? सुरुवातीला नेमकं हेच घडतं. ठिकठिकाणी लहान लहान टापू तयार होतात आणि प्रत्येकाची फेज आपापली असते. कमी ऊर्जेच्या स्थितींमध्ये अणूंची गर्दी झालेली असते, पण डबाभर एक फेज नसते. ती नंतर येते, टापू एकमेकांत मिसळत मोठे होतात तेव्हा.

थोडा इतिहास. जून १९९५ मध्ये अमेरिकेत बोल्डरला कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियम-८७ चं पहिलं वायुरूप कंडेन्सेट केलं. तापमान सुमारे १७० नॅनोकेल्विन, अणू दोनेक हजार. त्याच वर्षी एमआयटीत केटर्ले यांनी सोडियमचं केलं. २००१ चं नोबेल तिघांना मिळालं. १९९७ मध्ये केटर्लेंच्या गटाने दोन वेगवेगळी थंड केलेली कंडेन्सेट एकमेकांवर पसरू दिली आणि त्यात काळे-पांढरे पट्टे दिसले. दोन्ही लहरींना स्वतःची फेज आहे याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. १९९८ मध्ये त्यांनीच कंडेन्सेट वाढतं कसं ते मोजलं: सुरुवात संथ, मग वेग, कारण बोसॉन (एकाच स्थितीत कितीही जमू शकणारे कण, हे अणू त्यातलेच) जिथे गर्दी आहे तिथेच जास्त जातात, आणि शेवटी स्थिरावणं.

पण किती अणू जमले ही एक मोजणी आणि त्यांची फेज किती दूरपर्यंत जुळली ही दुसरी. झुरिकच्या एस्लिंगर गटाने २००७ मध्ये दुसरी केली. सापळ्यातला वायू अचानक थंड केला, त्याच्या दोन वेगळ्या जागांवरून अणूंच्या बारीक धारा बाहेर काढल्या आणि त्या दोन धारा एकमेकींशी व्यतिकरण करतात का ते पाहिलं. फेज जुळत गेली तसे पट्टे ठळक होत गेले.

आता केंब्रिजकडे. हाजिबाबिक यांच्या गटाने पोटॅशियम-३९ चा वायू सपाट तळाच्या डब्यात ठेवला, त्याला समतोलापासून खूप लांब नेलं आणि मग एकटं सोडलं. अणूंमधली परस्परक्रिया चुंबकीय क्षेत्राने कमी-जास्त करता येते. क्रिया दुबळी असेल तर कोहिअरन्स आधी हळू पसरतो, जोरकस असेल तर आधी जलद. पण थोडा वेळ गेला की सगळे एकाच चालीवर येतात: कोहिअरन्स लांबीचा (फेज जितक्या अंतरापर्यंत जुळते त्या अंतराचा) वर्ग एका ठरावीक दराने वाढतो आणि तो दर प्लँकचा स्थिरांक भागिले अणूचं वस्तुमान एवढ्याने ठरतो. त्यात परस्परक्रियेची ताकद नाही, घनता नाही, सुरुवातीची अवस्था नाही. हे 'नेचर'मध्ये २०२५ साली छापून आलं.

पोटॅशियम-३९ साठी एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय) भागिले वस्तुमान काढलं तर सेकंदाला सुमारे १६०० चौरस मायक्रोमीटर येतात. प्रत्यक्षातला दर याच्या काही पट आहे, पण मापाचा अंदाज येतो: ४० मायक्रोमीटरपर्यंत एक फेज व्हायला सेकंदाचा बऱ्यापैकी हिस्सा लागतो. थंड अणूंच्या जगात हा मोठा काळ आहे.

ज्यांनी यात काम केलंय त्यांनी भर घालावी. शंका असतील तर अवश्य विचाराव्यात, कितीही प्राथमिक असल्या तरी.

---

घाटपायथा

उत्तम धागा. मी इंजिनिअर, थर्मोडायनॅमिक्स एवढंच माझं भांडवल. त्यामुळे पहिलीच गोष्ट खटकते. तुम्ही म्हणता वायूला 'एकटं सोडलं', म्हणजे बाहेर उष्णता जात नाही. मग एंट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, वाढली पाहिजे. पण तुम्ही तर सांगताय की विस्कळीत अवस्थेतून सगळीकडे एक फेज असलेली अवस्था आपोआप आली. हे कसं जमतं?

---

उत्तररात्र

@घाटपायथा, हाच प्रश्न सगळ्यात आधी पडायला हवा.

एकूण अणू आणि एकूण ऊर्जा या दोन्ही राशी कायम राहतात. सुरुवातीला बहुतेक अणू मधल्या वेगांचे असतात. टक्करींमधून दोन प्रवाह सुरू होतात आणि ते उलट दिशांना जातात. बहुसंख्य अणू अगदी कमी वेगांकडे सरकतात. मोजके अणू जास्त वेगांकडे जातात आणि जवळजवळ सगळी ऊर्जा ते घेऊन जातात. कंडेन्सेट तयार होतं ते पहिल्या प्रवाहातून, एंट्रॉपी वाढते ती दुसऱ्यामुळे. वेगवान अणूंची संख्या कमी असली तरी त्यांना उपलब्ध असलेल्या अवस्था प्रचंड असतात, त्यामुळे एकूण हिशोबात एंट्रॉपी वाढलेलीच असते.

केंब्रिजच्याच गटाने २०२१ मध्ये हे दोन्ही प्रवाह एकाच प्रयोगात मोजले. आधी परस्परक्रिया बंद केली आणि डब्याच्या भिंती खाली करून सुमारे तीन-चतुर्थांश अणू निघून जाऊ दिले. जे गेले ते जास्त ऊर्जेचे होते, त्यामुळे ऊर्जा जवळजवळ सगळीच गेली. क्रिया बंद असल्यामुळे उरलेले अणू एकमेकांना जाणवतच नव्हते, म्हणून ते त्या विचित्र अवस्थेत तसेच राहिले. मग क्रिया चालू केली. घड्याळ तिथून सुरू.

---

मृद्गंधा

युरोपातल्या एका थंड अणूंच्या प्रयोगशाळेत काम करते (लेखात आलेल्यांपैकी नाही). वरचं सगळं बरोबर आहे. 'सपाट तळाचा डबा' हा शब्द मात्र वाचताना सहज मागे पडेल, म्हणून त्याबद्दल थोडं.

१९९५ पासून पुढे अठरा-वीस वर्षं बहुतेक सगळे प्रयोग वाटीसारख्या सापळ्यात झाले: मध्यभागी वायू दाट, कडेला विरळ. त्यात अडचण ही की मध्यभाग आधी संक्रमण-तापमानाखाली जातो आणि कडा नंतर. मग कोहिअरन्स टापूटापूंतून वाढला की मधून कडेकडे सरकला, हे वेगळं काढता येत नाही. २०१३ मध्ये केंब्रिजने हिरव्या लेझरच्या भिंती उभ्या करून नळकांड्याच्या आकाराचा डबा बनवला. तो प्रकाश अणूंना दूर सारतो, गुरुत्वाकर्षणाला चुंबकीय क्षेत्राच्या उताराने तोलून धरलं जातं. आतली घनता सगळीकडे सारखी. सिद्धान्तात जो वायू कागदावर असतो तो पहिल्यांदा हातात आला. मला विचाराल तर या विषयातली खरी झेप तीच. नंतरचे निकाल त्या डब्याशिवाय निघालेच नसते.

---

ओवी

मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. क्वांटम मेकॅनिक्सच्या वर्गात शिकलो की फेज मोजता येत नाही. मग 'कोहिअरन्स लांबी' मोजता कशी? आणि दोन कंडेन्सेट जर कधी भेटलीच नसतील, तर त्यांच्यात सापेक्ष फेज आधीपासून होती असं म्हणायचं का?

---

मृद्गंधा

@ओवी, मोजता येत नाही ती निरपेक्ष फेज. दोन जागांमधला फरक मोजता येतो.

दोन रीती आहेत. पहिली सोपी: डबा अचानक काढून टाकायचा, वायूला पसरू द्यायचं आणि छायाचित्र घ्यायचं. पसरल्यानंतर अणू कुठे आहे यावरून त्याचा वेग कळतो. वेगांची वाटणी जितकी अरुंद, तितकी कोहिअरन्स लांबी जास्त. गणितात या दोन गोष्टी एकमेकींचं फूरिये रूपांतर आहेत.

दुसऱ्या रीतीत लेझरच्या दोन झोतांनी प्रत्येक अणूला अर्धा स्थिर, अर्धा चालता करायचं. वायूची एक प्रत थोडीशी सरकते. ठरावीक अंतर सरकली की पुन्हा तोच झटका द्यायचा. आता एक्स जागेची लहर आणि तिच्यापासून डी अंतरावरची लहर एकमेकींवर येतात. पट्टे किती ठळक उमटतात यावरून डी अंतरावरचा संबंध थेट मिळतो.

दोन्हीत वायू नष्ट होतो. म्हणजे १०० मिलिसेकंदांना एक चित्र घेतलं की तोच वायू २०० ला काय करतो हे कधीच बघता येत नाही, नवा वायू तयार करावा लागतो. आणि प्रत्येक नव्या वायूत टापूंची मांडणी नवी असते. म्हणून आलेखावरचा एकेक बिंदू म्हणजे पुष्कळ वायूंची सरासरी. शिवाय कोहिअरन्स लांबी डब्याच्या लांबीजवळ पोचली की वेगांच्या वाटणीची रुंदी डब्यामुळेच ठरायला लागते, तेव्हा तिथे थांबावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: हाच प्रश्न फिलिप अँडरसन यांनी द्रव हीलियमच्या संदर्भात विचारला होता. मोजल्यावर प्रत्येक वेळी ठाम फेज-फरक मिळतो, पण तो दर वेळी वेगळा असतो. मोजण्याआधी तो 'होता' असं मानलं किंवा मोजमापातून तो ठरला असं मानलं, तरी पट्ट्यांबद्दलचं भाकीत तेच येतं.

---

रानवारा

भौतिकशास्त्राशी माझा संबंध बारावीपुरता. मला असं कळलं, बरोबर आहे का सांगा: गणपतीत मोठं ढोलपथक उभं आहे, वादक पाचशे. प्रत्येकाला फक्त शेजारच्याचंच ऐकू येतं. सुरुवातीला दहा-दहा जणांचे घोळके आपापला ठेका पकडतात. मग शेजारचे घोळके जुळतात, पन्नास जणांचा एक होतो, शंभरांचा होतो. शेवटी पथक एका ठेक्यावर.

---

उत्तररात्र

@रानवारा, टापू वाढण्याचा भाग नेमका पकडलात. दोन ठिकाणी हे चित्र अपुरं पडतं, ती सांगतो.

पथकात ताशा पुढे असतो, तो ठेका ठरवतो. वायूत ताशा नाही. कुठलाच टापू दुसऱ्यापेक्षा जास्त बरोबर नसतो, आणि शेवटी जी फेज येते ती आधीच्या कुणा एकाची असेलच असं नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. घोळका वेगळ्या ठेक्यावर असेल तर तो बदलून घेता येतो. फेज मात्र वर्तुळावर फिरणारी राशी आहे. एका बिंदूभोवती तीन-चार टापू असे बसले की त्यांच्या फेज क्रमाने शून्य, १२०, २४० आणि परत ३६० अशा येतात, तर मधल्या बिंदूवर फेज कोणती? कुठलीच नाही. तिथे अणूंची घनता शून्यावर जाते आणि भोवती प्रवाह फिरत राहतो. हा क्वांटम भोवरा. शेजाऱ्यांनी थोडं थोडं जुळवून घेतलं म्हणून तो पुसला जात नाही. तो सरकत सरकत उलट फिरणाऱ्या भोवऱ्याला भेटला किंवा भिंतीपाशी गेला तरच जातो. कोहिअरन्स वाढायला वेळ लागतो त्याचं मोठं कारण हे भोवरे आहेत.

---

पाणवठा

भोवऱ्यांचा विषय निघालाच आहे तर किबल यांचं नाव यायला हवं. टॉम किबल, जन्म मद्रासचा, १९३२. १९७६ मध्ये त्यांनी हा युक्तिवाद विश्वाबद्दल मांडला. महास्फोटानंतर विश्व थंड होत असताना एकमेकांशी संपर्कच नसलेले प्रदेश होते. प्रकाश जिथून पोचला नाही तिथला निर्णय इथे कळणार कसा? म्हणून प्रत्येक प्रदेशाने आपापली निवड केली असणार आणि जिथे निवडी जुळल्या नाहीत तिथे दोष राहिले असणार, उदाहरणार्थ वैश्विक तंतू. झुरेक यांनी १९८५ मध्ये हाच विचार द्रव हीलियमवर आणला, म्हणजे प्रयोगशाळेत तपासता येईल अशा जागी.

वायूंमध्ये त्याचे पुरावे एकामागून एक आले. २००६ मध्ये बर्कलीत स्टॅम्पर-कर्न यांच्या गटाने चुंबकीय कंडेन्सेटमध्ये आपोआप उमटणारे टापू पाहिले. २००८ मध्ये ॲरिझोनात ब्रायन अँडरसन यांच्या गटाने वायू थंड केला आणि त्यात कुणीही न ढवळता भोवरे सापडले. २०१५ मध्ये केंब्रिजने तर थंड करण्याचा वेग बदलून टापूंचा आकार कसा बदलतो तेच मोजलं. थंड करायला जितका वेळ घ्याल त्याच्या सुमारे ०.३५ घाताने टापू वाढतात. साध्या सरासरी सिद्धान्तातून ०.२५ यायला हवे होते. चढउतारांचा नीट हिशोब केला तर एक तृतीयांश येतो आणि मोजमाप त्याच्या बाजूने आहे.

माझा प्रश्न: या धाग्यातला निकाल म्हणजे किबल-झुरेकचाच पुढचा भाग का?

---

उत्तररात्र

@पाणवठा, शेजारचा म्हणा. किबल-झुरेकमध्ये प्रश्न असतो संक्रमण ओलांडताना टापू केवढे गोठतात. तिथे आपण थंड करण्याचा वेग ठरवतो आणि उत्तर त्यावर अवलंबून असतं. इथे थंड करणं संपलेलं आहे, बाहेरून काहीच चालू नाही, आणि प्रश्न असा की नंतर टापू कसे वाढतात. पहिल्याने सुरुवात ठरते, दुसऱ्याने पुढची चाल. आणि दुसऱ्यातलं उत्तर पहिल्याला विसरून जातं, हेच मला विलक्षण वाटतं.

---

तिठा

सगळं वाचलं. मला इथे थोडं थांबायचंय.

लांबीचा वर्ग भागिले वेळ, हेच एकक आहे एच-बार भागिले वस्तुमानाचं. क्वांटम वायूत दुसरं काय येणार? एककांचा मेळ घातला की हेच उत्तर पडतं. मग यात शोध कसला? आणि दुसरं, लांबीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात, म्हणजे लांबी वेळेच्या अर्ध्या घाताने वाढते, असं जे सांगितलं जातं ते आधीच्या प्रयोगांत कुठे दिसलं? २०१८ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात हायडलबर्ग आणि व्हिएन्नाचे निबंध आले. हायडलबर्गला घात अर्ध्याच्या आसपास, व्हिएन्नाला ०.१ च्या आसपास. केंब्रिजलाच २०२१ मध्ये एक तृतीयांशाच्या जवळ. तीन प्रयोग, तीन आकडे. याला 'सार्वत्रिक' म्हणायचं का?

---

उत्तररात्र

@तिठा, दोन्ही आक्षेप रास्त आहेत. एकेक घेतो.

एककं. दुसरं काहीच नसतं तर तुमचं म्हणणं तिथेच संपलं असतं. पण वायूत आणखी लांब्या आहेत: स्कॅटरिंग लेंथ म्हणजे परस्परक्रियेच्या ताकदीचं माप, अणूंमधलं सरासरी अंतर, हीलिंग लेंथ म्हणजे भोवऱ्याच्या गाभ्याची रुंदी. त्यांची गुणोत्तरं एककरहित असतात आणि ती सूत्रात कुठल्याही घाताने येऊ शकतात. एककांचा मेळ त्यांना अडवत नाही. उलट टक्करींचा साधा सिद्धान्त घेतला तर टक्करींचा दर स्कॅटरिंग लेंथच्या वर्गाने वाढतो. म्हणजे परस्परक्रिया तिप्पट केली की सगळं नऊपट वेगाने व्हायला हवं. सुरुवातीला क्रिया वाढवली की खरोखरच सगळं जलद होतं. मग ते अवलंबणं गळून पडतं. ते का गळावं, हे एककांतून कळत नाही.

मला पटलेलं कारण असं. कंडेन्सेटमधल्या प्रवाहाचा वेग म्हणजे एच-बार भागिले वस्तुमान गुणिले फेजचा उतार. टापूची लांबी एल असेल तर फेज साधारण एल अंतरात बदलते, म्हणजे प्रवाहाचा वेग एच-बार भागिले (वस्तुमान गुणिले एल). टापूच्या सीमा, भोवरे, सगळे साधारण याच वेगाने हलतात. टापू मोठा झाला की उतार कमी, म्हणून वेगही कमी. दुप्पट लांबीला चौपट वेळ. परस्परक्रिया यात फक्त एक काम करते: भोवऱ्याचा गाभा किती जाड असेल ते ठरवते. टापू गाभ्यापेक्षा खूप मोठे झाले की गाभ्याची जाडी बिनमहत्त्वाची होते. हे काटेकोर गणित नाही, पण भौतिक कारण इथेच आहे असं मला वाटतं.

घातांबद्दल मृद्गंधा जास्त नेमकं सांगू शकतील.

---

मृद्गंधा

@तिठा, तीन आकड्यांची तीन वेगळी कारणं आहेत.

व्हिएन्नाचा वायू जवळजवळ एकमितीय, चिपवरचा रुबिडियम. एका मितीत भोवरा असूच शकत नाही. तिथे दोष असतात ते सॉलिटॉनच्या (आकार न बदलता सरकणाऱ्या लहरीच्या) जातीचे आणि त्यांची चाल निराळी. ०.१ हा खरा आकडा आहे, तो वेगळ्या वर्गातला आहे एवढंच. हायडलबर्गने फेजऐवजी अणूंच्या स्पिनची (प्रत्येक अणूच्या चिमुकल्या चुंबकाची) दिशा पाहिली. अर्धा घात तिथे आला.

केंब्रिजच्या एक तृतीयांशाची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. घात काढायला लॉग-लॉग आलेखात (दोन्ही अक्ष लॉगॅरिदमचे) चढ मोजताना आपण गृहीत धरतो की वाढ शून्य वेळेला शून्य लांबीपासून सुरू झाली. वायूत सुरुवातीलाही थोडा कोहिअरन्स असतो. मनात धरा, लांबीचा वर्ग खरोखरच सरळ रेषेत वाढतोय, पण ती रेषा मागे वाढवली तर शून्याला छेदते ती आपल्या घड्याळाच्या १०० मिलिसेकंद आधी. आता २०० मिलिसेकंदांपाशी लॉग-लॉगचा चढ काढा: अर्धा गुणिले २०० भागिले ३००. उत्तर एक तृतीयांश. (आकडे मी सोयीसाठी घेतलेत, प्रयोगातले नाहीत.) वाढीचा नियम अर्ध्याचाच आहे, पण घड्याळ चुकीच्या जागी लावल्यामुळे तो एक तृतीयांश दिसतो.

त्याच गटाने द्विमितीय वायूवर जे काम केलं, जे २०२५ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं, त्यात हा सुरुवातीचा परिणाम वेगळा काढण्याची रीत दाखवली. वेगवेगळ्या सुरुवाती घेतल्या, प्रत्येकीचं घड्याळ नीट लावलं आणि सगळ्या एकाच नियमावर आल्या, सिद्धान्ताने सांगितलेल्या घातांसह. पसरण्याचा दर मोजतानाही लांबीचा वर्ग आणि वेळ यांचा सरळ आलेख काढणं शहाणपणाचं, कारण घड्याळ पुढे-मागे झालं तरी सरळ रेषेचा चढ बदलत नाही.

---

तिठा

घड्याळाचा मुद्दा पटला. कागदावर करून पाहिलं. चढ जसजसा उशिरा मोजावा तसतसा अर्ध्याकडे जातो, पण फार संथपणे. डब्याच्या भिंती त्याच्या आधी आड येणार. म्हणजे नुसतं जास्त वेळ थांबून हा प्रश्न सुटला नसता.

एककांबद्दल अर्धाच पटलोय. सीमांचा वेग प्रवाहाच्या वेगाएवढाच का, याला अजून उत्तर हवं.

---

खारवा

मी पूर्वी द्रव हीलियमवर काम करायचो. तिठा यांच्या शेवटच्या वाक्याला तिकडून एक आधार देतो.

व्हिनेन यांनी १९५७ मध्ये हीलियमच्या प्रवाहात भोवऱ्यांच्या गुंत्यासाठी एक समीकरण दिलं. एका घनफळात भोवऱ्यांच्या रेषांची एकूण लांबी घ्या. ढवळणं थांबवलं की ती लांबी स्वतःच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि गुणक असतो अभिसरणाच्या क्वांटमच्या मापाचा, म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले हीलियम अणूचं वस्तुमान. आता भोवऱ्यांमधलं सरासरी अंतर काढा. तेच अंतर म्हणजे तुमच्या टापूंचा आकार. समीकरण त्या भाषेत लिहिलं की मिळतं: अंतराचा वर्ग एका स्थिर दराने वाढतो आणि दर त्याच मापाचा.

सीमांचा वेग प्रवाहाएवढाच का, तर भोवरा स्वतःहून हलत नाही, बाकीचे भोवरे तिथे जो प्रवाह निर्माण करतात त्याच्याबरोबर तो वाहतो. आणि एल अंतरावरच्या भोवऱ्याने निर्माण केलेला प्रवाह म्हणजे एच-बार भागिले (वस्तुमान गुणिले एल), नेमकं उत्तररात्र यांनी लिहिलंय तेवढा. मात्र घर्षण किती, यावर गुणक बदलतो. हीलियममध्ये सामान्य (अतिप्रवाही नसलेल्या) द्रवाचा अंश असतो, त्याचं घर्षण लागतं, आणि तापमानाप्रमाणे गुणक बराच हलतो. म्हणून हीलियमचा आकडा आणि पोटॅशियमचा आकडा थेट शेजारी ठेवू नये.

हीलियममध्ये परस्परक्रिया फार प्रबळ, या वायूंत फार दुबळी. तरी समीकरण एकच. मला यात आनंद आहे.

---

तिठा

@खारवा, आता पूर्ण पटलं. वर्गाच्या प्रमाणात घट आणि अंतराचा वर्ग सरळ रेषेत, हे दोन ओळींचं गणित आहे आणि मी ते कधी जोडलं नव्हतं. धन्यवाद.

---

घाटपायथा

याचा उपयोग? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

---

मृद्गंधा

अणूंच्या व्यतिकरणावर चालणारी मोजमापाची साधनं आहेत, गुरुत्वाकर्षण किंवा त्वरण मोजणारी. त्यांत कंडेन्सेट वापरायचं तर डबाभर एक फेज लागते आणि वायू पुन्हा पुन्हा पटकन तयार करावा लागतो. परस्परक्रिया वाढवली की काम लवकर होईल असं वाटायचं. आता कळलं की एका मर्यादेपलीकडे त्याने काही मिळणार नाही. घाई करायची तर हलका अणू घ्या. रुबिडियम-८७ मध्ये हा दर पोटॅशियम-३९ च्या निम्म्याहूनही कमी येतो, केवळ वस्तुमानामुळे.

---

ओवी

हे भारतात कुठे करता येईल? मला यातच पुढे जायचंय. आणि बोस यांचं नाव असलेला विषय आहे, म्हणून जरा जास्तच.

---

उत्तररात्र

@ओवी, पुण्यात आयसरमध्ये रुबिडियमच्या कंडेन्सेटवर काम चालतं, मुंबईत टीआयएफआरमध्ये आणि बंगळुरूला रामन संशोधन संस्थेत थंड अणूंचे प्रयोग आहेत. सिद्धान्त करायचा असेल तर आणखीही ठिकाणं आहेत, पण आधी एखाद्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत जाऊन लेझर जुळवून बघा. सत्येंद्रनाथ बोस ढाक्याला शिकवत असताना १९२४ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनना जो निबंध पाठवला तो फक्त प्रकाशकणांबद्दल होता. अणूंसाठी तो विचार आइन्स्टाइननी पुढे नेला. दोघांचंही गणित समतोलाचं होतं.

सुरुवात करायला ग्रॉस-पिताएव्हस्की समीकरण घ्या, कंडेन्सेटची लहर कशी बदलते ते सांगणारं. द्विमितीय जाळीवर, सुरुवातीला प्रत्येक बिंदूला यादृच्छिक फेज देऊन, साध्या लॅपटॉपवर ते चालवता येतं. फेजचा रंगीत नकाशा काढत जा. भोवरे जोड्या-जोड्यांनी नाहीसे होताना दिसतील. मग प्रत्येक क्षणी भोवरे मोजा आणि त्यांच्या संख्येचा व्यस्त वेळेसमोर मांडा.

---

ओवी

केलं! २५६ गुणिले २५६ ची जाळी. सुरुवातीचा भाग वाकडा आहे, मग बऱ्यापैकी सरळ रेषा येते. शेवटी चार-पाच भोवरे उरले की आलेख पायऱ्यापायऱ्यांचा होतो. परस्परक्रिया दुप्पट केली तर वाकडा भाग लवकर संपतो. सरळ भागाचा चढ जवळपास तोच दिसतो, पण एकाच वेळी चालवून पाहिलंय, सरासरी अजून काढायची आहे.

---

मृद्गंधा

छान. वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवाती घेऊन पुष्कळदा चालवा आणि भोवरे दहाच्या खाली गेले की तो भाग सोडून द्या. शिवाय दोन मितींत घर्षण नसेल तर एकाच दिशेने फिरणारे भोवरे घोळक्याने राहू शकतात आणि मग चढ बदलतो. तुमच्या नकाशात तसे घोळके दिसतात का ते बघून इथेच लिहा.